टोपी, घागरा, जोडा

घड्याळातली वाळू पुरती खाली येईपर्यंत चॉपस्टिक कुणालाच मिळणार नव्हत्या. पावसाळ्यात नानह्वाच्या डोंगरात येऊन रानातल्या अळंबीचा रस्सा खायचा, तर हा नेम पाळावाच लागतो; अर्धीकच्ची अळंबी बाधते. शांघायहून आलेले चौघे पाहुणे टेबलावरच्या उकळत्या पातेल्याकडे आशाळभूतासारखे बघत होते.

"आजोबा, वासानंच जीव जायची वेळ आली," त्यांच्यातली चष्मेवाली बाई म्हणाली.

"वासानं नाही जात. घाईनं जातो," म्हातारा फू म्हणाला, आणि सगळे हसले.

दारावर पाटीच होती, 'फू म्हाताऱ्याची अळंबी'. डोंगरातून तो स्वतः वेचून आणायचा आणि पहिली वाटी स्वतः प्यायचा, पाहुण्यांची त्यानंतर. त्या पाटीवर घर चालत होतं. टोपली निवडायचं काम एरवी सुनेचं, लानश्यांगचं. आज तिला बाजारातून यायला उशीर झाला आणि म्हाताऱ्यानंच अळंबी धुऊन पातेल्यात सोडली. अलीकडे तो मिठाचा डबा समजून साखरेत हात घालायचा. घरात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे.

लानश्यांग मिरचीच्या वाट्या मांडत होती. रस्सा उसळला आणि एक अळंबी आडवी होऊन वर आली. पांढरीफेक. दांड्याभोवती पातळ झालर, बुडाशी फुगीर गाठ. तिचा हात थांबला. नवी नवरी होऊन आली तेव्हा ह्याच म्हाताऱ्यानं तिच्याकडून घोकून घेतलं होतं: डोक्यावर टोपी, कमरेला घागरा, पायात जोडा, असल्या बयेला घरात घ्यायचं नाही.

"बाबा, जरा थांबू या का? अजून शिजू दे."

"आणखी किती शिजवतेस? लसूण बघ की, पांढराशुभ्र आहे. विष असतं तर काळा पडला असता."

गेल्या साली पलीकडच्या वाडीत एका घरी लसूण असाच पांढरा राहिला होता. त्या घराला आज कुलूप आहे.

ती एक उचलून टाकण्यात अर्थ नव्हता, तिचं विष सगळ्या रश्शात उतरलं होतं. बोलावं तर म्हाताऱ्याचं नाव पाहुण्यांदेखत मातीत जाणार, गप्प बसावं तर माणसं जाणार. वाळू संपली. म्हाताऱ्यानं वाटी भरली.

"बाबा, आज पहिली वाटी मी पिते."

"का गं? मी काय मेलो?"

त्यानं वाटी ओठांकडे नेली. तेवढ्यात लानश्यांग ठेच लागल्यागत टेबलावर कोसळली. वाटी उडाली, आणि पातेलं तिनं आपल्याच अंगाकडे ओढलं. पाहुणे ओरडत उठले. रस्सा तिच्या उजव्या पायावरून फरशीभर झाला.

"डोळे फुटले का तुझे?" म्हातारा कडाडला. "सगळ्यांच्या तोंडचा घास घालवलास!"

चष्मेवाली गार पाण्याचा जग घेऊन धावली. लानश्यांगचं तिकडे लक्षच नव्हतं. अंगणातल्या कोंबड्या वासावर उंबऱ्यात आल्या होत्या.

"कोंबड्या!" ती किंचाळली. "आधी त्या कोंबड्या हाकला!"

म्हातारा बोलता बोलता थांबला. ह्या घरात सांडलं-लवंडलं सगळं कोंबड्यांचंच असे. त्यानं सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. मग दार लोटून घेतलं आणि फरशीवर उकिडवा बसून तो एकेक अळंबी चाचपायला लागला. हात भाजत होता, तरी सोडेना. एका अळंबीवर त्याचा अंगठा अडला. झालरीवरून खाली गेला, गाठीपाशी थांबला.

"जाऊ द्या आजोबा," पाहुण्यांपैकी एक जण म्हणाला. "सूनबाईंचा तोल गेला, त्याला तुम्ही काय करणार? तुमचं नाव थोडंच कमी होतंय!"

म्हाताऱ्यानं मूठ उघडून त्याच्यापुढे धरली.

"हिला आम्ही घरात घेत नाही," तो म्हणाला. "आज मी घेतली. ही पोरगी नसती तर मी गेलो असतो आणि माझ्यामागून तुम्ही."

चष्मेवालीच्या हातातलं पाणी लानश्यांगच्या पायावर पडत राहिलं.

"पोरी," म्हातारा खाली बघत म्हणाला, "दारावरची पाटी उतरव."

लानश्यांगनं डोळे पुसले.

"पाय भाजलाय, बाबा. स्टुलावर चढवत नाही मला."