राखेनं आखलेली वस्ती

दगडोबानं नकाशावर पंजा टेकवला आणि घर दिसेनासं झालं.

"माझ्या हाताखाली मावतंय की सायेब," तो म्हणाला. "आन् आमी सात माणसं."

माळावर जमलेले लोक हसले. वीरभद्र हसला नाही. तो घरकुलांचा ओव्हरसिअर. ओढ्याकाठच्या खोपटांत राहणाऱ्या या लोकांसाठी चाकूरजवळच्या माळावर अठ्ठावीस घरं बसवायची होती, आणि बारा वाजता लातूरहून साहेब येणार होते. जिल्हा नवा, साहेब नवे. फाइलवर त्यांनी एकच ओळ लिहिली होती : लोक राहायला येणार असतील तरच मंजुरी. मागच्या साली दुसऱ्या एका गावात सरकारनं घरं बांधली, लोक जुन्या जागीच राहिले आणि नव्या घरांत कडबा भरला. इथे आज सही झाली नाही, तर मार्चअखेर रक्कम परत जाणार होती.

"कागदावर असंच दिसतं, मामा," वीरभद्र म्हणाला.

"मग कागदाच्या भाईर दावा की," साखराबाई म्हणाली. वस्तीत तिच्या शब्दापुढे कुणी जात नसे.

वीरभद्रनं खुंट्या ठोकल्या. तीन फूट, चार फूट, पाच फूट अशी सुतळी ताणून काटकोन धरला आणि चुन्याची फक्की ओतत गेला. दहा बाय बाराची खोली, मागे स्वयंपाकघर, पुढे ओटा. दाराच्या जागी अडीच फूट रेघ सोडून दिली.

साखराबाई त्या अडीच फुटांतून आत गेली. मधोमध उभी राहून तिनं दोन्ही हात पसरले आणि सावकाश एक गिरकी घेतली. मग मागच्या कोपऱ्यात उकिडवी बसली.

"हितं चूल. धूर कुटून जायाचा?"

खिडकी दाखवायची राहिलीच होती. वीरभद्रनं चुन्यावर बोटानं दोन खुणा केल्या. साखराबाईनं तिथून बाहेर डोकावलं.

"वढा दिसतुया," ती म्हणाली.

"पानी दिसतंय का बघ," कुणीतरी बाहेरून म्हणालं.

दगडोबा रेषेबाहेर उभा होता. "माय, येऊ का?" त्यानं विचारलं, आणि वळसा घालून दारातून आत आला. खोलीत तो उताणा निजला. हात डोक्यामागे ताणले, पाय लांब केले आणि बराच वेळ आभाळाकडे बघत राहिला.

"सायेब," तो हळूच म्हणाला, "पाय भिंतीला टेकंनात."

त्यानंतर प्रत्येकाला आपापलं घर हवं झालं. फक्की तीन घरांपुरतीच होती. बाया खोपटांकडे गेल्या आणि चुलीतली राख टोपल्या भरभरून घेऊन आल्या. मापाच्या सुतळ्या कापल्या गेल्या. वीरभद्रनं पहिले दोन-तीन कोपरे दाखवले, पुढे त्याला कुणी विचारलंही नाही. बाराच्या आत तीन पांढरी आणि पंचवीस करडी घरं माळावर उभी राहिली, आणि ज्याचा त्याचा संसार ज्याच्या त्याच्या घरात जाऊन बसला.

बारा वाजले. जीप आली नाही.

एकच्या सुमारास वारं सुटलं. राख उडू लागली. कडेच्या घरातल्या भुजंगचं स्वयंपाकघर पुसट झालं, शेजारचा ओटा गेला. वीरभद्र हातानं राख सारत धावला. पण घरं अठ्ठावीस होती, आणि हात दोन.

साखराबाई घागर घेऊन आली. बोटं पाण्यात बुडवून ती रेषेवर शिंपडू लागली, पहाटे दारात सडा टाकावा तशी.

"माय, पिण्याचं पाणी आहे ते," वीरभद्र म्हणाला. टँकर कालच येऊन गेला होता. आता तीन दिवस यायचा नव्हता.

"हाय की. तहान उद्या बघू," ती मान वर न करता म्हणाली. "भिंत आज पडायलीय."

मग घराघरातून घागरी निघाल्या. वीरभद्रनं मनात हिशेब मांडला : एका घराच्या रेषा नव्वद फूट, फुटाला अर्धी ओंजळ... आणि अर्ध्यावर सोडून दिला. भिजलेली राख काळी पडत होती. एकेक भिंत गडद होत वर येत होती. तो बारा वर्षं नकाशे काढत होता. आपण काय काढतो, ते त्यानं आज पाहिलं.

दोन वाजता जीप आली. साहेब उतरले. खिशातलं पेन काढून, फाइल चाळत ते सरळ वीरभद्रच्या दिशेनं चालत आले. एक रेघ ओलांडली, दुसरी ओलांडली.

"सायेब."

ते थांबले. समोर साखराबाई बसली होती.

"भिंतीतून आलाव तुमी," ती म्हणाली. "दरवाजा तिकडं हाय."

कुणी हसलं नाही. साहेबांनी बुटाखालच्या ओल्या राखेकडे पाहिलं. मग मान वर करून सगळीकडे पाहिलं. घरोघर माणसं बसली होती. एका खिडकीतून एक बाई शेजारणीशी बोलत होती. एकाही रेषेवर कुणाचा पाय नव्हता.

साहेबांनी फाइल मिटली. आले त्याच पावलांनी मागे गेले, मोडलेली रेघ बोटानं नीट केली आणि भिंतीच्या कडेनं वळसा घालून ओट्यापुढे आले. मग पेन मुठीत धरून, नसलेल्या चौकटीखाली वाकून, आत आले.