मागच्या खोलीत बसा

“घरी कोण कोण असतं?” राघवेंद्र सरांनी चहाचा कप खाली ठेवत विचारलं.

धम्मप्रियाच्या हातात तिनेच शिवलेल्या जॅकेटचा हँगर होता. तो तिने उगाच दुसऱ्या हातात घेतला.

“आई-पप्पा. पप्पा बँकेत आहेत. आई शिक्षिका.”

“अरे वा.”

पप्पांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. आणि आई, पंचशीला, अर्धापूरला केळीच्या बागांत कामाला जायची. घड उतरवायचे, फण्या धुवायच्या, गाडी भरायची. पण हे सांगायची ही जागा नव्हे, हे धम्मप्रियाला आता चांगलं कळत होतं.

शिकवलं होतं विनीता मॅडमनी. लातूरच्या त्यांच्या स्टुडिओत उन्हाळ्याच्या सुट्टीत तिची इंटर्नशिप चालू होती. पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या होत्या, “या धंद्यात शिलाई नंतर बघतात, आधी माणूस बघतात. कुठून आलो ते सांगत बसायचं नाही.” धम्मप्रियाने खूणगाठ बांधली. ‘हाव’चं ‘हो’ केलं, मोबाइलवरचा आईचा फोटो काढून तिथे कुठलीशी फुलं लावली. तिला लाज वाटायची. आईची वाटायची, आणि ती वाटते म्हणून स्वतःची त्याहून जास्त.

आज मॅडमनी खरेदीदारांना बोलावलं होतं. राघवेंद्र सर हैदराबादचे मोठे डिझायनर. इथल्या दोन इंटर्नपैकी एकीला ते सहायक म्हणून नेणार होते. दुसरी होती मृण्मयी, डॉक्टरांची मुलगी. तिच्या ओळखी तिच्या जन्माआधीपासूनच्या. धम्मप्रियाकडे फक्त आजचा दिवस होता.

“माझी आईपण शिक्षिकाच होती,” मॅडम सरांना म्हणाल्या आणि वाकून पुतळ्यावरच्या ओढणीच्या चुण्या सारख्या करू लागल्या.

मागच्या दारात सरजाबाई येऊन उभी राहिली होती. चहापाणी, झाडलोट, काजं-बटणं, सगळं तिच्याकडे. म्हातारी मोठी धीट. सकाळी तिने मॅडमवरून मीठ-मोहरी उतरवून टाकली होती. वर, “खाल्ल्याबिगर पाव्हण्यांपुढं जायचं न्हाई,” म्हणून त्यांना भाकरी खायला लावली होती. मॅडम निमूट जेवल्या होत्या. “जुनी माणसं अशीच डोक्यावर बसतात,” असं मृण्मयी नंतर कुजबुजली, तेव्हा धम्मप्रियाही हसली होती.

“सरजाबाई, पाहुणे आलेत,” मॅडम आता म्हणाल्या. “मागच्या खोलीत बसा.”

सरजाबाई आत गेली. तेवढ्यात पुढचं काचेचं दार कुणीतरी बिचकत ढकललं.

“पिया हाय का इथं?”

दारात पंचशीला उभी होती. डोक्यावर पदर, हातात पिशवी, पिशवीतून डोकावणारी केळीची फणी. साडी ठेवणीतली होती, पण पदरावर केळीच्या चिकाचे काळे डाग होते. तो डाग एकदा पडला की कपडा विरला तरी जात नाही. इथे तर सगळे कपड्यांचेच जाणकार बसलेले.



“कोण गं?” मृण्मयीने विचारलं.

“आमच्या गल्लीतल्या मावशी,” धम्मप्रिया म्हणाली. “इकडे काही कामाला आल्या असतील.”

पंचशीलाने लेकीकडे पाहिलं. मग ती हसली.

“हाव जी. गल्लीतलीच हाय मी. पाव्हण्याकडं आल्ते. हिच्या आईनं केळी देल्ती, तेवढी ठिवून जाते.”

“उन्हाच्या आल्यात त्या,” मॅडम घाईघाईने म्हणाल्या. “मागं ने त्यांना. सरजाबाईंना सांग, जेवायला वाढा म्हणावं.”

धम्मप्रियाने पिशवी घेतली आणि पुढे झाली. मागच्या दाराच्या पडद्याशी पोचल्यावर पंचशीलाने लेकीच्या हातातून ती परत काढून घेतली.

“लोकं बघून राहिलेत,” ती हळूच म्हणाली. “तू जा. मी न्हाई बोलत काही.”

धम्मप्रिया परत गेली. तिने जॅकेट दाखवलं, कापडाबद्दल सांगितलं, हसायचं तिथे हसली. सरांनी जॅकेट उलटंसुलटं करून पाहिलं आणि निघताना मॅडमना म्हणाले, “ही मुलगी द्या मला. जूनपासून.”

मृण्मयीने तिला मिठी मारली. खरेदीदारांनी टाळ्या वाजवल्या. जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि धम्मप्रियाला कुठे तोंड लपवू असं झालं होतं.

पाहुणे गाड्यांत बसले तशी ती मागच्या खोलीकडे धावली. सरजाबाई एकटीच बटणं लावत बसली होती. तिच्या शेजारी केळीची फणी, आणि वाढलेलं ताट, जसंच्या तसं.

“मावशी कुठं गेल्या?”

“गेली. नांदेडची यष्टी धरायची म्हणली. लई आग्रह केला, पर घासाला हात लावला न्हाई.”

धम्मप्रिया ताटासमोर खाली बसली. तिला रडू आवरेना.

“सरजाबाई, ती माझी आई होती.”

“ठाव हाय मला.”

“तिनं सांगितलं?”

“न्हाई बा. ती कशाला सांगंल? शेवटपस्तोर गल्लीतलीच म्हणत व्हती.”

“मग तुम्हाला कसं कळलं?”

पलीकडून मॅडमचा आवाज आला. “सरजाबाई, कप उचला.”

“आले, म्याडम.”

म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. जाता जाता तिने धम्मप्रियाच्या डोक्यावरून हात फिरवला.

“रडू नगं. म्या सांगितलंय तुझ्या मायला, पैलं वरीस जड जातं, मंग सवय होती. आमची विनी मला पैल्यांदा चारचौघांत सरजाबाई म्हणली, तवा म्याबी अशीच उपाशी भोकरची यष्टी धरली व्हती.”