टायरची डावी बाजू

मोटारसायकलला नवा घातलेला मागचा टायरही डाव्या अंगाने पार गुळगुळीत झाला होता. उजवीकडची नक्षी मात्र शाबूत होती.

“चाक सरळ आहे, चेसिसही सरळ आहे,” मेकॅनिक हात पुसत म्हणाला. “वायरमनसाहेब, मागे कोणीतरी रोज एका बाजूला पाय सोडून बसतंय. त्यांना म्हणावं, दोन्हीकडे पाय टाकून बसा.”

वायरमनची बायको तशीच बसायची. गेल्या वर्षी वळणावर तशीच बसलेली असताना पडली आणि जागीच गेली. तेव्हापासून मागची सीट रिकामी होती. अवजारांची पिशवीसुद्धा तो उजवीकडे अडकवायचा.

टायर बदलून तो निघाला. सरळ रस्त्यावरही गाडी डावीकडे ओढत होती. हँडल आवरता आवरता त्याचे खांदे भरून आले. शेवटी तो वैतागला आणि पूर्वी रोज म्हणायचा तसं बोलून गेला, “अगं, किती वेळा सांगायचं? नीट दोन्हीकडे पाय टाकून बस.”

गाडी किंचित हलली. मग ओढ थांबली.

आणि त्याच्या कमरेला, दोन्ही बाजूंनी, दोन गार गुडघे टेकले.