मुलुंडचा पत्ता

क्षमाताईंनी चहाचा कप नंदापुढे सरकवला आणि मग अगदी गोड शब्दांत नाही म्हणून सांगितलं. घाटकोपरच्या त्या तळमजल्यावरच्या ऑफिसात पंखा होता, सावली होती, आणि नंदाच्या अंगात उठायचंसुद्धा त्राण नव्हतं. सकाळपासून नुसती पायपीट. चेंबूर झालं, कुर्ला झालं. फुकट काम करते म्हटलं तरी कुणी दारात उभं करीना. पगार मागणाऱ्यांची काय गत होत असेल कोण जाणे.

तिला पैसे नकोच होते. समाजशास्त्र घेऊन बी.ए.चा शेवटचा पेपर देऊन झाला होता. पुढे समाजकार्याच्या कॉलेजात जायचं, तर एखाद्या संस्थेत काम केल्याचा अनुभव लागत होता, आणि प्रवेशाची मुलाखत तोंडावर आली होती. ते नाही जमलं तर साकीनाका. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, तिथल्या एका औषध कंपनीत तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. बाटल्यांना लेबलं लावायची. आर्ट्सवाल्यांना शेवटी तेच, असं ते म्हणत. रागानं नाही, काळजीनं म्हणत, म्हणून तर नंदाला उलटून बोलता येत नव्हतं. पण त्या बाटल्यांची तिनं धास्तीच घेतली होती.

पहिल्यांदा एका संस्थेत तिनं खरा पत्ता सांगून पाहिला. मानखुर्द, वस्तीतलं घर. समोरच्या गृहस्थांनी कागदातून मान वर न काढता ‘कळवतो’ म्हटलं. ते कळवणं अजून यायचंय.

मग शकुमावशीनं शहाणपण शिकवलं. मावशी मुलुंडला राहायची, नवऱ्याच्या कंपनीच्या क्वार्टर्समध्ये, दुसऱ्या मजल्यावर. आमच्या बिल्डिंगचा पत्ता सांग की गं, कोण बघायला येतंय, म्हणाली. स्वतःची आकाशी साडी दिली, टाचेची चप्पल दिली, आणि आलती-गेलती तोंडातून काढायचं नाही अशी वर तंबी दिली. नंदानं सगळं निमूट ऐकलं. तांब्यात निखारे घालून साडीला इस्त्री केली, करंगळीला चावणारी ती चप्पल घातली आणि क्षमाताईंसमोर बसून छापील मराठीत मुलुंडच्या हवापाण्याच्या गप्पा मारल्या. आणि नेमकी तिथंच माशी शिंकली.

क्षमाताईंची संस्था मानखुर्दच्याच वस्त्यांमध्ये काम करत होती. बाई मनानं वाईट नव्हती, पण दमलेली होती. चांगल्या घरातल्या मुली मोठ्या हौसेनं येतात, त्या सांगत होत्या. दोन दिवस वस्तीत जातात, तिसऱ्या दिवशी यांची आई आजारी पडते. नळावरची भांडणं, गटारं, दारू पिऊन पडलेली माणसं. तुम्हाला नाही झेपायचं ते. यात तुमचा काही दोष नाही हो, सवयच लागते त्याला.

आता हसावं की रडावं? त्याच नळावर आज उजाडायच्या आत नंदा हंड्यासाठी भांडून आली होती, आणि भांडण जिंकूनही आली होती. मावशीची बिल्डिंग अंगावर घालून हिंडायचा तिला विलक्षण कंटाळा आला. पाय दुखत होते ते वेगळंच. आणि इथं तर खरं बोलण्यातच फायदा होता. त्या वस्तीतलं घर न् घर तिला ओळखत होतं. कुणाच्या घरी काय शिजतं आणि कुणाच्या घरी काही शिजत नाही, हे तिला दारावरून जाताना कळायचं. बाईंना आणखी काय हवं होतं?

“ताई, मी मुलुंडची नाही,” ती म्हणाली. “खोटं सांगितलं मी. मी मानखुर्दची आहे, तुमचं काम चालतं त्याच वस्तीतली. मला सवय लागायला नको, ताई. मी तिथंच वाढलेय.”

बोलून गेली आणि उठायच्या बेतानं खुर्चीच्या कडेला सरकली. खोटारडी म्हणून बाई आता बाहेर काढणार. पण क्षमाताई रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. इतका वेळ ओढलेला त्यांचा चेहरा एकदम सैल झाला, डोळ्यांत पाणी तरळलं. उठून त्या टेबलाला वळसा घालून आल्या आणि नंदाच्या पाठीवरून हात फिरवला. कितीतरी दिवसांनी नंदाचा जीव भांड्यात पडला. सुटले एकदाची, तिला वाटलं. घरी जाऊन आधी अण्णांना सांगायचं, त्या कंपनीला नाही म्हणून कळवा.

“अगं, मग आधी नाही का सांगायचंस?” क्षमाताई म्हणाल्या. “तुझ्यासारख्या मुलींसाठीच तर हे सगळं चालवतो आम्ही. बी.ए.पर्यंत शिकलीस, कौतुक आहे हो तुझं. सोमवारपासून आमच्या शिवणवर्गाला ये.”