फीत संपेपर्यंत

"गोल इथेच पडणार," म्हणत ऑर्मरॉडने कॅमेऱ्याची तिवई हायरमच्या जाळ्यामागे रोवली. त्याच्याकडे चित्रणाची फीत जेमतेम चार मिनिटांची. म्हणून तो नेहमी कच्च्या गोलरक्षकाच्या मागे उभा राहायचा आणि चेंडू जवळ आला की तेवढ्यापुरता कॅमेऱ्याचा दांडा फिरवायचा. आज त्याने संघाबिंघाची चौकशीही केली नाही. हायरमच्या काळ्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि जागा ठरवली. "तू धडपडलास ना गड्या, की संध्याकाळी जत्रेचा तंबू हसून लोळेल बघ!"

जत्रेच्या तंबूत पडद्यावर आलेला काळा माणूस हायरमने पुष्कळदा पाहिला होता. कधी पिठात लोळणारा, कधी हौदात पडणारा. आज संध्याकाळी तिथे पहिल्या बाकावर त्याची सात वर्षांची हेटी बसणार होती आणि तिच्या मागे तिच्या वर्गातली सगळी पोरं.

शिट्टी झाली. पाहुण्यांचे गडी सुटलेच. पहिला चेंडू हायरमने ठोसा मारून उडवला. दुसरा चिखलात झेप घेऊन पोटाशी धरला. तिसऱ्या वेळी त्यांचा दांडगा गडी लँकी खांद्याने धक्का देऊन त्याला जाळ्यात लोटायला आला. हायरम जरासा बाजूला झाला आणि लँकी तोंडावर आपटला. मागे दांड्याची घरघर चालूच होती.

"अरे, एक तरी सोड की!" ऑर्मरॉड कळवळला. "एवढे चेंडू काय घरी नेणारेस?"

"लेकीसाठी नेतोय. तू फिरव दांडा!"

मध्यंतराआधीच फीत संपली आणि दांडा मोकळा फिरू लागला. ऑर्मरॉडने एक शिवी हासडली, पेटी उचलली आणि फीत धुवायला निघून गेला.

संध्याकाळी तंबू गच्च भरला. पडद्यावर हायरम उडत होता, झेपावत होता, चेंडू छातीशी कवटाळत होता. पोरं हसली ती लँकीच्या चिखलाने माखलेल्या तोंडाला. "पुन्हा लाव! पुन्हा लाव!" मागच्या बाकांवरून गलका उठला. ऑर्मरॉड निमूटपणे फीत उलटी गुंडाळायला लागला.

हेटी बापाच्या मांडीवर चढली. तिच्या कपाळाला आठी पडली होती.

"बाबा, सगळे म्हणतात आपण चार गोलांनी हरलो. मग ते चार गोल झाले कधी?"

हायरम तिच्या कानाशी वाकला.

"फीत संपल्यावर."