भिंतीवरची रेघ

सुमनबाईंनी कपाट ओढून बाजूला केलं. नवऱ्यानं, सोमेश्वररावांनी, ते आदल्या दिवशीच त्या भिंतीला लावलं होतं. मागं पिवळट रेघ होती, छातीच्या उंचीवर, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. चुन्याचे तीन हात देऊनही ती परत उमटत होती.

"अकराला लोक घर बघायला येतील," सोमेश्वरराव म्हणाले. "कपाट राहू दे तिथंच."

सुमनबाईंनी ते परत लावलं नाही. कपाटाखालची धूळ त्यांनी ओल्या फडक्यानं पुसून घेतली.

घर चौऱ्याण्णव साली बांधलेलं. आदल्या वर्षी किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा हिंगोलीतही मांडणीवरची भांडी खाली आली होती. लोक कितीतरी दिवस अंगणात झोपत होते. सोमेश्वरराव एका शाळेत कारकून. त्यांनी धास्तीच घेतली. मातीची भिंत नको म्हणून सिमेंटचे आठ कॉलम उभे केले, मिस्त्रीनं सांगितल्यापेक्षा जाड सळई घातली, वर स्लॅब टाकला. जमीन हलली तरी हे घर हलायचं नाही, असं ते आल्यागेल्याला सांगायचे.

जमीन पुन्हा हलली नाही. आठ वर्षांनी कयाधू नदी चढली.

पाणी नदीकडून येईल म्हणून घरातले सगळे पुढच्या ओट्यावर उभं राहून बघत होते. ते मागून आलं, संडासातून आणि मोरीतून. कुणीतरी आत वळून पाहिलं तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, पारुबाई, खाटेवर पाण्यात होत्या. त्यांना उचलून गच्चीवर नेलं. दहाव्या दिवशी त्या दवाखान्यात वारल्या. मग जुन्या लोकांकडून कळलं की हा तुकडा पहिल्यापासून पाण्यात जाणारा. प्लॉट विकणाऱ्याला ते ठाऊक होतं. त्यानं सांगितलं नव्हतं.

आता त्या पुराला तीन वर्षं होत आली होती आणि सोमेश्वरराव रिटायर झाले होते. शिरड शहापूरला, गावी, दोन खोल्या काढायच्या होत्या. हे घर विकल्याशिवाय त्या बांधून होणार नव्हत्या. गेल्या वर्षभरात दोन गिऱ्हाइकं रेघ बघूनच परत गेली होती.

अकराला जळबा आला. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. बरोबर बायको केशरबाई, अंगणवाडीत मदतनीस, आणि नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली मुलगी राणी. सोमेश्वररावांनी आधी कॉलम दाखवले, सळईचं सांगितलं. जळबानं भिंतीवर बोटं वाजवून पाहिली. सुमनबाईंनी पाण्याचे तांबे पुढं ठेवले आणि कुणी विचारायच्या आत बोलल्या.

"या घरात पाणी येतं. इथवर." त्यांनी रेघेवर तळहात ठेवला.

सोमेश्वररावांनी तांबे पाहुण्यांच्या आणखी पुढं सरकवले.

मग सुमनबाई थांबल्याच नाहीत. संडासात बुडबुडे आले की नदीकडं बघत बसायचं नाही, सरळ वर जायचं. पाणी अर्ध्या तासात गुडघ्याला लागतं. सिलेंडर खिडकीच्या गजाला बांधून ठेवायचा, नाहीतर तो तरंगतो आणि दारात आडवा होतो. रेशनकार्ड, लेकराबाळांची सर्टिफिकिटं पिशवीत घालून जिन्याच्या वरच्या खोलीत टांगायची. पावसाळाभर म्हाताऱ्या माणसाची खाट खाली टाकायची नाही. पारुबाईंचं त्यांनी परक्या माणसापुढं कधी काढलं नव्हतं. ते त्या दिवशी सगळं सांगितलं.

केशरबाईनं मान हलवत ऐकून घेतलं. गच्चीच्या दाराची कडी कोणत्या बाजूनं आहे, ते विचारलं. पाणी किती तास होतं, तेही विचारलं. स्वयंपाकघरात ती डोकावलीसुद्धा नाही. जळबा गच्चीवर जाऊन नदीच्या अंगाला तोंड करून बराच वेळ उभा राहिला. खाली आल्यावर, कळवतो, एवढंच म्हणाला.

ते गेल्यावर सोमेश्वररावांनी कपाट पुन्हा भिंतीला सरकवलं. आता हे काही येत नाहीत, म्हणाले, आणि दोन दिवस बायकोशी बोलले नाहीत. सुमनबाईंनाही ते येतील असं वाटत नव्हतं. तरी त्या दिवशी त्यांना पोटभर जेवण गेलं.

चौथ्या दिवशी जळबा आला तो व्यवहार पक्का करायलाच. किमतीत त्यानं घासाघीस केली नाही. सोमेश्वररावांना वाटलं, माणूस भोळा आहे. महिन्याभरात कागदपत्रं झाली. टेम्पोत सामान चढलं. निघताना किल्ली केशरबाईच्या हातात देताना सुमनबाईंना राहवलं नाही.

"मी तुमच्यापासून काहीच लपवलं न्हाई. तरी काहून घेतलं हे घर?"

केशरबाईनं किल्ली पदराच्या टोकाला बांधली. गाठ ओढून पाहिली.

"बाई, आमी पुलाच्या खालच्या अंगाला राहतो. तो पूर आला त्या दिवशी आमी तिघं लिंबाच्या झाडावर होतो, अन् आमच्या घराचे पत्रेबी दिसत नव्हते," ती म्हणाली. "उंचावरची घरं आमाला झेपत न्हाईत. तीन साल झाले, पाणी छातीवर थांबंल असं घर हुडकून राहिलो."