श्वास डोळ्यांनी बघायचा

तनुजानं रूथचं झबलं पुन्हा वर केलं आणि बघत राहिली.

"अगं झाक तिला," सासूबाई कुजबुजल्या. "वारं लागंल. दात येत असतील, म्हणून किरकिर चाललीय."

रूथ किरकिर करत नव्हती. तेच तर होतं. सकाळपासून खोकणारी आठ महिन्यांची पोर आता गप्प झाली होती, आणि दर श्वासाला तिच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता.

मृतांचा स्मृतिदिन. शहरातल्या छावणी भागातल्या कब्रस्तानात पाय ठेवायला जागा नव्हती. फादर धर्मगुरूंच्या आणि धर्मभगिनींच्या कबरींच्या रांगेत होते. एकेका कबरीपाशी थांबायचं, चर्चच्या पॅरिशमधल्या कुणीतरी माइकवर दोन शब्द बोलायचे, मग पवित्र पाणी शिंपडून पुढची कबर. शब्द सगळ्यांना तेच. उघड्या माळावर शाळा काढणारे फादर शांत आणि त्यागी. कुष्ठरोग्यांच्या जखमा धुणाऱ्या सिस्टर शांत आणि त्यागी. रांगेतली शेवटची कबर ह्याच वर्षीची होती, तिची माती अजून नीट बसली नव्हती. सिस्टर बेनिग्ना. तिथं माइक तनुजाच्या सासऱ्यांच्या हातात होता. थॉमस साळवे सर, निवृत्त मुख्याध्यापक.

"सिस्टर म्हणजे मूर्तिमंत सौम्यता," सर सांगत होते. "बिडकीनच्या दवाखान्यात आयुष्य वेचलं, पण तोंडून कधी चढा शब्द नाही…"

तनुजाला वेगळंच आठवत होतं. बिडकीनच्या दवाखान्यात सिस्टर बेनिग्ना बायांना भिंतीला ओळीनं बसवायच्या आणि दमात घ्यायच्या. "ताप हाताला कळतो. श्वास नाही कळत. श्वास डोळ्यांनी बघायचा. झबलं वर करा. इथं खड्डा पडला, की कुणाला विचारायचं नाही. नवऱ्याला नाही, सासूला नाही, मलापण नाही. पळायचं!"

तिनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "सुयश, गाडी काढ. रूथला दवाखान्यात न्यायचंय."

"किल्ली पप्पांकडं आहे."

"मग आण."

सुयशनं बापाकडं बघितलं, मग भोवतालच्या माणसांकडं. "शेवटचीच कबर आहे गं. असं मधीच कसं जायचं? लोक काय म्हणतील?"

"आत्ता फादर पाणी शिंपडतील," सासूबाई म्हणाल्या. "दोन थेंब पडू दे पोरीच्या अंगावर. बरं वाटंल."

तनुजानं रूथला खांद्याशी धरलं आणि सरळ चालत निघाली. "ओ ताई, मेणबत्त्या! बघून चाला की!" कुणीतरी ओरडलं. तिनं बघितलं नाही.

"किल्ली द्या, पप्पा."

सरांनी माइक छातीशी धरला. चेहऱ्यावर अजून भाषणातलंच हसू होतं. "कार्यक्रम चालू आहे, बेटा. सिस्टरांचा मान आहे हा."

"रूथला श्वास घेता येईना."

"संपतच आलंय. एवढी एक प्रार्थना…"

"प्रार्थना?" माइकनं तिचा आवाज उचलला आणि पार भिंतीपर्यंत नेला. "ही माझ्या पोटात आडवी आली होती, तेव्हापण तुमची प्रार्थनाच चालू होती! क्रूसाची वाट संपू द्या, मग निघू, म्हणालात. मी आतल्या खोलीत गुरासारखी ओरडायले, आणि तुम्ही बाहेर गुडघ्यावर! ह्याच सिस्टरनं तुमची कॉलर धरून उठवलं होतं. 'साळवे, पोरगी मरायली इथं! प्रार्थना गाडीत म्हण!' अख्ख्या गल्लीनं ऐकलंय, पप्पा. आणि आज सौम्य म्हणता त्यांना? त्या सौम्य असत्या, तर आज ह्या मातीत मी असते!"

"कबरीपुढं तरी…" मागून एक बाई पुटपुटली.

"कबरीपुढंच बोलायले मी!"

फादरांचा पाणी शिंपडणारा हात हवेतच राहिला. ते पुढं झाले, वाकले, तनुजानं वर केलेल्या झबल्याखाली त्यांनी बघितलं. "साळवे सर," ते म्हणाले, "किल्ली."

सरांचा हात खिशात गेला. पण बाहेर यायला इतका वेळ लागला की तनुजानं त्यांच्या खिशातच हात घातला.

क्रांती चौकापर्यंत सुयशचा हात हॉर्नवरून निघाला नाही. सर त्याच्या शेजारी बसले होते. मागं सासूबाई काहीतरी म्हणायला लागल्या की तनुजा फक्त त्यांच्याकडं बघायची, आणि त्या थांबायच्या. रूथच्या ओठांभोवती निळसर छटा आली होती.

चौकापलीकडच्या बालरुग्णालयात डॉक्टर मुलगी तनुजाच्याच वयाची असेल. तिनं रूथला हातातून काढूनच घेतलं. झबलं वर केलं, एकदा बघितलं, आणि ओरडूनच ऑक्सिजन मागवला. इवल्या तोंडावर मास्क बसला. नळी टेपनं चिकटवताना ती म्हणाली, "वेळेत आणलंत असं मी म्हणणार नाही. आणलंत, एवढंच. न्यूमोनिया दिसतोय. ॲडमिट करावं लागेल."

"वाचेल ना?" सुयशनं विचारलं.

"आत्ताच काही सांगत नाही." डॉक्टरनं मान वर केली. "मुलगी श्वासासाठी एवढी झटत होती. खड्डा डोळ्यांना दिसतोय. घरात एवढी मोठी माणसं आहात तुम्ही. इतका वेळ काय करत होतात?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. साळवे सर भिंतीला टेकून उभे होते, काहीतरी बोलायला त्यांनी घसा साफ केला.

तनुजानं त्यांना बोलू दिलं नाही.

"सिस्टर बेनिग्नांची आठवण काढत होतो," ती म्हणाली.